खिडकी अडवून कोण उभं आहे?

(दृश्य: भाद्रपदातली पावसाळी सकाळ. टिळकवाडी, बेळगाव. पतसंस्थेचं शटर वर जातं. दारात छत्र्या, पाण्याने निथळणारे रेनकोट, पिशव्या.)

गणपती नुकतेच गेलेत. आज लाभांशाची यादी लागायची आहे. आत चार खिडक्या आहेत आणि बाहेर पन्नास माणसं.

पहिल्या खिडकीवरचे काका पैसे मोजून घेऊन कधीच मोकळे झालेत. तरी कोपर टेकवून तिथेच उभे आहेत. काही आठवलं तर पुन्हा रांग नको, म्हणून. दुसऱ्या खिडकीवरच्या आजी पिशवीत पासबुक शोधताहेत. एक पुडकं काढतात, मग दुसरं. त्यांचं काम अजून सुरूच झालेलं नाही. मागच्या रांगेला मात्र दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात, अडलेल्या.

संस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. त्या सकाळी नेमकं हेच माझ्या सर्व्हरवर चाललं होतं आणि ते ओळखायला मला पाऊण तास लागला.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. काळ्या खिडकीत हलणारे आकडे.)

साडेनऊपासून फोन सुरू झाले. साइट उघडत नाही, नुसतं गोल फिरतंय. मी आत शिरून पाहिलं, तर सीपीयू निवांत, मेमरी शिल्लक, डेटाबेसला काही काम नाही. थकलेला सर्व्हर कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. हा थकलेला नव्हता. हा रिकामा बसला होता आणि तरी दार उघडत नव्हता.

मग साइटची पानं पोचवणाऱ्या अपाचे या वेब सर्व्हरचं स्टेटस पान उघडायला घेतलं. तेही लगेच उघडेना, कारण त्यालाही रांगेतूनच यायचं होतं. उघडलं तेव्हा पडद्यावर एकच अक्षर दिसलं. के, के, के, के... ओळीमागून ओळ.

(दृश्य: पडदा जवळून. अक्षरांच्या ओळींवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

या पानावर प्रत्येक अक्षर म्हणजे एक कामगार. डब्ल्यू असेल तर तो उत्तर पाठवतोय. आर असेल तर समोरच्याची विनंती वाचतोय. आडवी रेघ असेल तर मोकळा आहे. आणि के म्हणजे कीपअलाइव्ह: याचं काम झालंय, पण समोरचा कदाचित आणखी काही मागेल म्हणून हा जोडणी धरून बसलाय. कोपर टेकून उभे असलेले काका.

आमचं पीएचपी, म्हणजे साइटची पानं बनवणारी भाषा, जुन्या पद्धतीने अपाचेच्या आतच चालायची, म्हणून अपाचेची प्रीफोर्क नावाची रचना वापरत होतो. प्रीफोर्कमध्ये एका जोडणीला एक अख्खी प्रोसेस, म्हणजे एक कामगार, लागते आणि तिची नेहमीची कमाल मर्यादा 256. कीपअलाइव्ह टाइमआउट, म्हणजे रिकामी जोडणी धरून ठेवायची मुदत, अपाचे मुळात 5 सेकंद देतो. आमच्याकडे तो 60 होता. मीच वाढवला होता, साइट झटपट वाटावी म्हणून.

हिशोब करून बघा. यादीचं पान द्यायला 2 सेकंद लागतात. त्यानंतर 60 सेकंद ती प्रोसेस अडून राहते. म्हणजे एका माणसामागे 62 सेकंद. 256 भागिले 62, सेकंदाला जेमतेम 4 नवे सभासद आत. तेच 5 सेकंद ठेवले असते, तर माणसामागे 7 सेकंद, म्हणजे सेकंदाला 36. तेच यंत्र, तीच मेमरी, तोच सभासदांचा लोंढा. त्यातून ब्राउझर एकाच साइटशी एका वेळी सहा-सहा जोडण्या उघडू शकतो. म्हणजे खरा आकडा 4 च्याही खाली.

टाइमआउट 3 वर आणला, कॉन्फिगटेस्ट, म्हणजे सेटिंगची तपासणी, करून घेतली आणि अपाचे पुन्हा चालू केला. दोन मिनिटांत पडद्यावरचे के विरळ झाले. फोन थांबले.

मग कीपअलाइव्ह बंदच का करू नये? मलाही त्या दिवशी तोच मोह झाला होता. त्याचं उत्तर जांबोटीच्या रस्त्यावर आहे.

(दृश्य: बेळगावहून चोर्ल्याकडे जाणारा रस्ता. धुकं, दाट झाडी. कणकुंबीचा फलक. मलप्रभेचा उगम इथलाच.)

खानापूर तालुक्याच्या या भागात आमचे बरेच सभासद आहेत. पाऊस लागला की रेंज येते-जाते. इथून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला एका निरोपाला 300 मिलिसेकंद लागले असं धरा. नवी जोडणी म्हणजे टीसीपीची (जोडणी जुळवण्याची) एक फेरी, टीएलएस 1.2 (जोडणी सुरक्षित करणारं कुलूप) असेल तर वर आणखी दोन. 900 मिलिसेकंद नुसती ओळखदेख, अजून एक अक्षरही आलेलं नाही. पानाच्या प्रत्येक चित्रासाठी हे पुन्हा करायचं? हे टळावं म्हणूनच 1997 साली एचटीटीपी 1.1 ने, म्हणजे वेबच्या नियमावलीच्या त्या आवृत्तीने, जोडणी चालू ठेवणं हाच नेहमीचा नियम केला. कीपअलाइव्ह बंद केलं, तर टिळकवाडीत बसलेल्याला काही जाणवणार नाही. कणकुंबीतल्या माणसाला प्रत्येक पानाला जाणवेल.

म्हणून 3 सेकंद ठेवले. एका पानातल्या पाठोपाठच्या मागण्यांना तेवढे पुरतात आणि पान वाचत बसलेल्या माणसासाठी कामगार अडत नाही.

मात्र त्याच झटक्यात मी आणखी एक गोष्ट केली आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

2009 साली स्लोलोरिस नावाचा हल्ला जगासमोर आला. एक साधा संगणक शेकडो जोडण्या उघडतो, प्रत्येकीवर विनंतीचा एकेक तुकडा सावकाश पाठवतो आणि विनंती कधीच पुरी करत नाही. असल्या वेळी पडद्यावर आर, आर, आर दिसतात. त्याची धास्ती घेऊन मी विनंतीच्या मजकुरालाही, म्हणजे सभासद पाठवतात त्या फोटो-फॉर्मलाही, मर्यादा घातली, सरसकट 10 सेकंद.

(दृश्य: देवळाचा कट्टा. मोबाईल उंच धरलेला हात. मागे पाऊस.)

चार दिवसांनी एका मावशींचा फोन आला. "साहेब, आधारचा फोटू जाईना झालाय बघा. अर्ध्यापर्यंत जातोय आणि तुटतोय. देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसलोय, इथंच दोन काड्या येतात."

किती वेळा पाठवला, विचारलं. सकाळपासून सात वेळा, म्हणाल्या.

मावशी खिडकी अडवून उभ्या नव्हत्या. त्या पासबुक शोधणाऱ्या आजींसारख्या होत्या, पिशवीतून एकेक कागद काढून देत होत्या. मी त्यांना सात वेळा रांगेबाहेर काढलं होतं. काहीच न बोलणारा माणूस आणि हळू बोलणारा माणूस, या दोघांना मी एकच घड्याळ लावलं होतं.

वेगळं घड्याळ अपाचेत आधीपासूनच आहे. रिक्वेस्टरीडटाइमआउट. मजकुराला आधी 20 सेकंद द्यायचे आणि मिनरेट 500 ठेवायचा. म्हणजे दर 500 बाइट आले की मुदत एका सेकंदाने वाढते. जो पाठवत राहतो त्याला वेळ मिळत राहतो, जो थांबला त्याची मुदत संपते. हेडरसाठी, म्हणजे विनंतीच्या सुरुवातीच्या ओळींसाठी, मात्र वरची हद्द हवीच: 20 पासून 40 सेकंद. हेच आकडे अपाचे 2.4 मुळातच देतो. मी त्यांच्यावर माझा आकडा लादला होता.

(दृश्य: रात्र. टेबलावर चहा, मंद उजेडात पडदा.)

पुढे आम्ही अपाचेच्या पुढ्यात एनजिनएक्स नावाचा दुसरा वेब सर्व्हर बसवला. तिथे एका जोडणीला एक प्रोसेस असा मामला नाही. एनजिनएक्सवाले स्वतः सांगतात, 10,000 निष्क्रिय जोडण्यांना साधारण अडीच एमबी मेमरी पुरते. म्हणून त्याचा मुळातला कीपअलाइव्ह 75 सेकंदांचा आहे आणि तो तिथे शोभतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा आकडा उचलून आपल्याकडे चिकटवू नका, असं मी नव्या मुलांना कळकळीने सांगतो. आतली रचना कोणती, ते आधी बघा. आणि दोन सर्व्हर एकामागे एक असतील, तर मागच्याने जोडणी पुढच्यापेक्षा जास्त वेळ धरावी. मागच्याने आधी सोडली, तर पुढचा बंद दारावर विनंती टाकतो आणि अधूनमधून, कारण सापडू नये असा, 502 (मागच्याकडून नीट उत्तर आलं नाही) दिसतो.

(दृश्य: लॉगच्या ओळी.)

मिनरेट लावला त्या संध्याकाळी मावशींना फोन करून म्हटलं, एकदा पाठवून बघता का? त्या परत कट्ट्यावर गेल्या. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बसलो. फोन चालूच होता, पलीकडे पावसाचा आवाज.

"चाललाय बघा... अर्धा झाला... अजून चाललाय."

94 सेकंद लागले. ओळ उमटली, शेवटी 200, म्हणजे विनंती पुरी झाली.

"गेला की वो!" मावशी म्हणाल्या.