रस्ता आधी कोणी अडवला?

अहमॉड आर्बरीच्या मृत्यूचा तो व्हिडिओ आम्ही इथे दाखवणार नाही, हे आधीच सांगून टाकते. अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा आहे, त्यात एका तरुण मुलाचा जीव जाताना दिसतो, आणि त्याच्या आईने तो किती वेळा बघायचा याला काही मर्यादा असावी असं मला वाटतं. म्हणून स्क्रीनवर तुम्हाला आमचं इंदूर दिसेल, सकाळची पोहे-जलेबीची गाडी, कॉलनीचं गेट, गेटला लागून गार्डची पत्र्याची केबिन. त्या केबिनचं दार जरा लक्षात ठेवा, कडी बाहेरून आहे.

गोष्ट मात्र अमेरिकेतली. जॉर्जिया राज्य, ब्रन्सविकजवळची सॅटिला शोअर्स नावाची वस्ती, २३ फेब्रुवारी २०२०, रविवार दुपार. अहमॉड आर्बरी, वय २५, कृष्णवर्णीय. एका अर्धवट बांधकाम झालेल्या घरात शिरला, इकडेतिकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने बाहेर येऊन पळायला लागला. त्या घराच्या कॅमेऱ्यात तो आधीही दिसला होता, आणखी लोकही दिसले होते, पण काही उचलताना तो कधी दिसला नाही. समोरून त्याला पळताना बघितलं एका गोऱ्या बापाने, जो आधी पोलिसात आणि मग सरकारी वकिलांच्या ऑफिसात तपासनीस होता. त्याने आपल्या मुलाला हाक मारली, दोघांनी बंदुका घेतल्या, पिकअप ट्रक काढला आणि मागे लागले. एक शेजारी आपला ट्रक घेऊन सामील झाला, मोबाईलवर शूटिंग त्यानेच केलं. जवळजवळ पाच मिनिटं हे चाललं. तो मागे वळला की हा ट्रक आडवा, पुढे गेला की तो ट्रक. शेवटी त्या बापाचा मुलगा शॉटगन घेऊन खाली उतरला, झटापट झाली, तीन गोळ्या सुटल्या. अहमॉडच्या हातात काहीही नव्हतं.

पुढे ७४ दिवस कोणालाही अटक नाही. चौऱ्याहत्तर! एका सरकारी वकिलाने तर लेखी कळवलं की यात अटक करण्यासारखं काही नाही, हे लोक संशयिताला पकडायला गेले होते, नागरिकाला तसा हक्क आहे, आणि गोळी स्वसंरक्षणात सुटली. ५ मे ला व्हिडिओ बाहेर आला आणि ७ मे ला बापलेकांना अटक झाली, शेजाऱ्याला त्यानंतर दोन आठवड्यांनी.

२०२१ च्या नोव्हेंबरात खटला रंगला तेव्हा आमच्या घरी चहाच्या टेबलावर रोज याच्यावरच वाद व्हायचा. माझे काका इथल्या जिल्हा कोर्टात वकिली करतात, फौजदारी केसेसच जास्त. मी एकदा म्हटलं की काका, पण तो बंदुकीवर झेपावला हे तर दिसतंय ना, समोरचा घाबरणारच की. काका म्हणाले, "अगं, तू सिनेमा इंटरव्हलनंतर बघायला बसलीस. तो झेपावला त्याच्या आधीची पाच मिनिटं बघ. रस्ता आधी कोणी अडवला?"

आणि खरं सांगते, अख्खा खटला याच एका प्रश्नावर फिरला. बाहेर टीव्हीवर चर्चा होती की कोण घाबरलं, कोण आक्रमक झालं, तो तिथे करत काय होता. कोर्टात सरकारी वकील लिंडा डनिकोस्की यांचं म्हणणं सरळ होतं: भांडण तुम्ही सुरू केलंत, माणसाला तुम्ही कोंडलंत, आणि आता त्याच्यापासून जीव वाचवला म्हणता, असं चालत नाही. उलटतपासणीत गोळी झाडणाऱ्या मुलाने कबूल केलं की अहमॉडने त्याला एका शब्दाने धमकावलं नव्हतं, हत्यार दाखवलं नव्हतं. बापाने घटनेनंतर पोलिसांना सांगितलं होतं की तो उंदरासारखा सापडला होता, त्याच्या बोलण्याचा अर्थ हाच. ते वाक्य ज्यूरीसमोर आलं. बेकायदा कोंडण्याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

बचाव पक्षाचा सगळा भार होता १८६३ च्या एका जुन्या कायद्यावर, ज्यात गुन्हा समोर घडला किंवा तात्काळ माहितीतला असला तर साध्या नागरिकालाही अटक करता यायची. सालावरूनच समजा, जॉर्जियात तेव्हा गुलामी होती. पण या तिघांनी त्या दिवशी गुन्हा बघितलाच कुठे होता? संशय होता, आधीचे व्हिडिओ होते, वस्तीत चर्चा होती, बस. तो कायदा मे २०२१ मध्ये रद्द झाला, पण घटना आधीची म्हणून खटला जुन्याच कायद्यावर चालला.

२४ नोव्हेंबरला निकाल आला. बारा जणांच्या ज्यूरीत अकरा गोरे होते आणि तरीही तिघेही दोषी. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेजाऱ्याचं. त्याने गोळी झाडली नाही, त्याच्याकडे बंदूकच नव्हती, त्याने फक्त ट्रक आडवा घातला. पण जॉर्जियात एखादा गंभीर गुन्हा करताना कोणी मेलं तर तो खूनच धरतात, आणि इथे गंभीर गुन्ह्यांपैकी एक होता माणसाला बेकायदा कोंडणं. म्हणजे ज्या आरोपाकडे लोक फुटकळ कलम म्हणून बघत होते त्यावरूनही तो खुनात दोषी ठरला, आणि त्याला जन्मठेप झाली. ७ जानेवारी २०२२ ला शिक्षा सुनावताना न्यायाधीश टिमथी वॉल्म्सली एक मिनिट गप्प बसले, कोर्टात कोणी हललं नाही. ते म्हणाले, हे एक मिनिट त्या पाच मिनिटांचा फक्त एक भाग आहे. घड्याळ लावून बसून बघा एकदा, एक मिनिट किती लांब असतं.

आता आपल्याकडे या. मी काकांना विचारलं, असं इथे झालं तर? त्यांनी कपाटातून भारतीय न्याय संहिता काढली, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली, पण यातला बराच मजकूर १८६० च्या दंड संहितेतूनच आलाय. कलम १२७, गैरपरिरोध, म्हणजे बेकायदा कोंडणं, आमच्या कोर्टात हिंदीत सदोष परिरोध म्हणतात. त्यात एक उदाहरण दिलंय ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कुलुपाचा उल्लेखही नाही, फक्त बाहेर पडायच्या जागांवर बंदूकवाले उभे केलेत आणि आतल्याला सांगितलंय की निघालास तर गोळी घालू. कायदा म्हणतो, हेही कोंडणंच आहे. दीडशे वर्षांहून जुनं वाक्य आणि त्यात मला तो ट्रक दिसला.

मग कलम ३८. स्वतःचा बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल असे मोजके प्रसंग त्यात आहेत आणि त्यातला सहावा म्हणजे कोणी तुम्हाला कोंडायच्या इराद्याने हल्ला करतंय आणि तुम्हाला वाजवी भीती आहे की पोलिसांपर्यंत आपण पोचूच शकणार नाही. म्हणजे आपल्या कायद्याने बघितलं तर बचावाचा हक्क आधी कोणाचा? दोन ट्रकच्या मध्ये सापडलेल्या त्या मुलाचा! टीव्हीवर इतके दिवस चर्चा झाली, पण बंदूकवाल्याच्या भीतीबद्दल जितकं बोललं गेलं त्याच्या अर्धंही याबद्दल बोललं गेलेलं मी ऐकलं नाही.

नागरिकाने अटक करायची सोय आपल्याकडेही आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ४०. पण तुमच्या डोळ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला पाहिजे किंवा तो माणूस कोर्टाने फरार घोषित केलेला पाहिजे, आणि विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ग्रुपवर फोटो आला होता, चेहरा तसाच वाटला, याला काही अर्थ नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आमच्या इंदूरची पुण्या-नाशिकची बस धुळ्यावरूनच जाते, इतकं जवळ. मुलं पळवणारे आलेत अशा अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना बाजारातून ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच मारून टाकलं. खोली होती. दार होतं. बाहेर गर्दी होती.

आणि ती केबिन. आमच्याच कॉलनीतली आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, सतरा-अठराचा असेल, रद्दी घ्यायला, एका घराच्या मागच्या अंगणात वाकून बघताना कोणाला तरी दिसला. पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज, दहा मिनिटांत वीस माणसं. कोणी हात लावला नाही, हे आम्ही नंतर बरेच दिवस एकमेकांना सांगत होतो. फक्त केबिनमध्ये बसवलं आणि कडी लावली. मे महिना, पत्र्याचं छत. तो आतून म्हणत होता, "भिया, दरवाजा तो खोल दो, मैं कहीं नहीं जा रहा." मी तिथेच उभी होते. पोलिसांना फोन करायला चाळीस मिनिटं गेली, कारण फोन कोणी करायचा यावरच बोलणं चाललं होतं. शेवटी काका आले आणि कोणाला न विचारता त्यांनी कडी काढली. टीआय साहेब, म्हणजे पोलिस ठाण्याचे इन्स्पेक्टर, आले तेव्हा मुलगा ओट्यावर बसून पाणी पीत होता. मागच्या घरातल्या आजींनीच त्याला जुने पेपर न्यायला बोलावलं होतं, त्या बिचाऱ्या दुपारी झोपल्या होत्या.

तो अजूनही येतो, मंगळवारी. गेटच्या आत येत नाही. बाहेर रस्त्यावर हातगाडी लावून उभा राहतो, आजी वॉकर घेऊन हळूहळू गेटपर्यंत येतात, आणि पेपरचा गठ्ठा गेटवरूनच त्याच्या हातात देतात.