नानांची दुसरी नोकरी

नमस्कार श्रोतेहो.

माजी सैनिक गेला की गावात फ्लेक्स लागतो. गणवेशातला तरणा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि लढाईचं साल. आमच्या नानांचाही लागला. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि वयाची ऐंशी पार करून गेले. फ्लेक्सवर १९७१ लिहिलं होतं. त्यात चूक काहीच नाही. पण हा माणूस फौजेत सतरा वर्षं होता आणि त्यानंतर घरात चाळीसच्या वर. त्या चाळीस वर्षांचा फोटो कोणी लावत नाही.

लढाईचं आधी सांगून टाकतो. नाना पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणचे. ही पलटण १७६८ सालची. डिसेंबर १९७१ मध्ये ती ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या पाकिस्तानी कमांडरनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. हा किस्सा पुस्तकांतून आलेला आहे. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक फळी फोडून निघायला आले आणि सकाळपर्यंत जमालपूर पडलं. नानांना विचारलं की ते म्हणायचे, “थंडी लई होती.” पुढं एक अक्षर नाही. आम्ही पोरांनी पुष्कळ खोदून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

बोलायचे ते पत्रांबद्दल. पत्त्यावर नंबर, नाव, कंपनी आणि ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपालघर, एवढंच. गाव नाही, राज्य नाही. नवरा डोंगरात आहे की वाळवंटात, काकूला पत्ता नसायचा. थोरली ताई शाळेत जायला लागल्यावर नाना प्रत्येक अंतर्देशीय पत्राच्या खालच्या घडीवर तिला दोन गणितं घालायचे. ती सोडवून उलटटपाली पाठवायची, आणि पुढच्या पत्रात लाल पेन्सिलीनं बरोबर किंवा चूक. एक भागाकार असा महिना-महिना चालायचा! ती पत्रं ताईनं अजून ठेवली आहेत. एकावर शेरा आहे, ‘उत्तर बरोबर, अक्षर ढिलं, पुन्हा काढणे.’

पेन्शनवर आल्यावर नानांनी शेती केली, मुलं शिकवली, लग्नं लावून दिली. हे सगळेच करतात. मला सांगायचंय ते त्यांच्या काळ्या ट्रंकेबद्दल. वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. आत १९७१ च्या लढाईचं संग्राम मेडल होतं, त्याच्या कडेवर हेच सगळं बारीक कोरलेलं. पण मेडल तळाशी. वर कागद: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि एक फाइल, जिच्यावर फक्त काकूचं नाव.

ती फाइल का, ते फौजी घरातल्या लोकांना लगेच कळेल. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ या पलटणीच्या कागदानं रेकॉर्ड ऑफिसात चढते. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन मिळते ती याच नोंदीवरून. आता आपल्याकडची गंमत बघा. बाईचं माहेरचं नाव एक, सासरी ठेवलेलं दुसरं आणि पलटणीतल्या क्लार्कनं ऐकून लिहिलेलं तिसरं. आधार कार्डावर चौथं आलं तरी नवल नाही. नवरा जिवंत आहे तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की सत्तरीतल्या बाईला ‘ती मीच’ हे सिद्ध करत हिंडावं लागतं.

नानांनी स्वतः धडधाकट असताना हे काम हातात घेतलं. प्रतिज्ञापत्र केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे गेले, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रांमागून पत्रं. नोंद दुरुस्त झाली, पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर झालं. काकू वैतागून म्हणाली, “मरायची एवढी घाई कशाला?” नाना म्हणाले, “तुला खेटे घालायला लागू नयेत म्हणून.” त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य बहुधा हेच असावं.

मग पंचक्रोशीतल्या विधवा बाया यायला लागल्या. नाना त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो अंगठ्याच्या मशीनवर आला तेव्हा नवीच अडचण झाली. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत, मशीन म्हणतं माणूस नाही. नाना खिशात ओलं फडकं घेऊन जायचे, बाईची बोटं पुसायचे आणि एकेक बोट मशीनवर टेकवून बघायचे. एखादं लागायचंच.

नाना गेले आणि काकूनं ती फाइल बँकेत नेली. काही दिवस गेले, पण एकही कागद परत आला नाही. तिची पेन्शन सुरू झाली.

श्रोतेहो, तुमच्या घरी फौजेतून निवृत्त झालेलं कोणी असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा. घरच्या बाईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. फरक असेल तर ते हयात आहेत तोवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. त्यांनाही बरोबर न्या. सही त्यांचीच लागते.

नमस्कार.