गावाचा आराखडा कुठवर आला?

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला विकास आराखडा तुम्ही पाहिला असेल. बाजार ओटे, व्यापारी गाळे, बचत गटांसाठी शेड, पाणंद रस्ता आणि प्रत्येक कामापुढे रक्कम. त्या फळ्यावर एक रकाना सहसा नसतो. गेल्या वर्षीच्या कामांचं पुढे काय झालं आणि त्यातून गावाच्या हाती काय आलं, याचा. आज बोलायचंय ते याच रकान्याबद्दल, आणि तो कुठल्याही गावकऱ्याला कसा भरता येतो याबद्दल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ जी मध्ये पंचायतींनी आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करायच्या, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं दर वर्षी आराखडा होतो. आराखडा करायची सवय आता लागली आहे. तो कुठवर आला हे बघायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

सुरुवात पैशांपासून करू, कारण बहुतेक आराखडे तिथेच फसतात. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंचायतींना जो निधी मिळाला, त्यातला ६० टक्के बंधित होता. म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि त्यातूनही पगार किंवा कार्यालयाचा खर्च भागवायचा नाही. आता समजा, याच प्रमाणात एखाद्या गावाला वर्षाला १० लाख मिळतात. त्यातले उपजीविकेच्या कामांना वापरता येतील असे जास्तीत जास्त ४ लाख, आणि शाळा, अंगणवाडी, दिवाबत्ती यांचा डोळाही त्याच ४ लाखांवर. तरी आराखड्यात २५ लाखांचे गाळे लिहिलेले असतात. मग काय होतं? पाया एका वर्षी, स्तंभ दुसऱ्या वर्षी. वर निघालेल्या सळया दोन पावसाळे भिजून गंजतात आणि तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकच सुधारून घ्यावं लागतं. म्हणून आराखडा हातात आला की आधी प्रत्येक कामापुढे निधीचा स्रोत वाचा. ‘इतर योजनांतून’ एवढंच लिहिलं असेल, तर कुठली योजना, कुठल्या खात्याची आणि तिथे प्रस्ताव गेला का, हे विचारा. प्रस्तावाचा जावक क्रमांक नसेल तर ते काम अजून इच्छाच आहे.

आता एकच काम घेऊ आणि त्याची फाइल उलगडू. बाजारतळावर दहा गाळे बांधायचे आहेत. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, जिल्हा परिषदेच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, देयक आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. यातल्या प्रत्येक कागदावर तारीख असते. या तारखा एका पानावर ओळीनं मांडल्या की काम नेमकं कुठे अडलं ते लगेच दिसतं. दोन टप्प्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असेल तर तिथे बोट ठेवा. पुष्कळदा अडचण जागेची असते. बाजारतळ गावाचा समजला जातो, पण उताऱ्यावर ती जमीन गायरान, म्हणजे सरकारची निघते. मग परवानगीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे खेटे. हा उतारा ठराव करतानाच पाहायला हवा होता, पण तो बघितला जातो निविदेच्या वेळी.

पूर्णत्वाचा दाखला आला की कागदोपत्री काम संपतं. अहवालात ‘पूर्ण’ अशी नोंद होते, निधी शंभर टक्के खर्च. आमच्या मते आर्थिक कामाची खरी मोजणी इथून सुरू व्हायला हवी, आणि नेमकी इथेच ती थांबते. गाळे बांधून होतात आणि वर्षभर शटर खाली. कारणं ठरलेली आहेत. अंदाजपत्रकात वीजजोडणी धरलेली नसते. प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर लागणार आणि त्याची अनामत कोणी भरायची हे ठरलेलं नसतं. लिलावाची अनामत इतकी जास्त ठेवतात की बोली लावायला कोणी येतच नाही. किंवा गाळे जातात, पण घेणारा स्वतः दुकान न थाटता पोटभाडेकरू बसवतो, पंचायतीला जुनं भाडं देतो आणि मधला फरक आपल्या खिशात घालतो.

उदाहरणापुरता हिशेब करू. गाळ्याचं भाडं महिन्याला १,५०० रुपये धरलं, तर दहा गाळ्यांचे वर्षाला १ लाख ८० हजार होतात. बांधकाम २५ लाखांचं असेल तर पैसा वसूल व्हायला जवळपास १४ वर्षं, तीही डागडुजी न धरता. चार गाळे वर्षभर बंद राहिले की ७२ हजारांचा फटका. गाळे भाड्यासाठीच बांधतात असं नाही. गावातल्या शिंप्याला, सायकल दुरुस्तीवाल्याला, बचत गटाच्या पापडांना जागा मिळावी, हाही हेतू असतो. मग तोच मोजा. किती गाळे उघडे आहेत, त्यांतले किती गावातल्या माणसांचे, किती महिलांचे. ही मोजणी करायला बाजाराच्या दिवशी एक फेरी पुरते.

यासाठी एक गोष्ट आधी करावी लागते. काम मंजूर होईल त्या दिवसाची स्थिती लिहून ठेवायची. आज बाजारात किती दुकानं बसतात, बाजार लिलावाचे किती रुपये येतात, शेतमाल तालुक्याला न्यायला किती भाडं पडतं. ही सुरुवातीची नोंद नसेल तर दोन वर्षांनी ‘फरक पडला’ आणि ‘काही फरक पडला नाही’ ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ ठरतात.

नोंदीचं मोल कळायला अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहावं. तिथे दर वर्षी पावसाच्या आणि भूजलाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आणि कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभा त्यावरून ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे नियम तिथे टिकले त्यामागे तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं नेतृत्व आहेच. पण दर वर्षी तोच आकडा, त्याच पद्धतीनं, सगळ्यांसमोर वाचला जातो, हेही तितकंच मोठं कारण आहे. आपल्या गावानं कुठला आकडा धरायचा ते गावानं ठरवावं. एक धरा, पण दर वर्षी तोच धरा.

आता मोबाइल हातात घ्या. ‘ई-ग्रामस्वराज’ हे केंद्र सरकारचं पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालं. त्यावरचे अहवाल पाहायला लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखड्यातली कामं, त्यांची रक्कम आणि खर्च दिसतो. ‘मेरी पंचायत’ ॲपवरही हीच माहिती मिळते. इथे तीन गोष्टी तपासा. ग्रामसभेनं मंजूर केलेली यादी आणि पोर्टलवरची यादी जुळते का? पुरवणी आराखडा चढवून मधेच कामं बदललेली असू शकतात. पैसे अदा झाले, पण काम ‘चालू’च दिसतंय का? हे नेहमीच गैरव्यवहाराचं लक्षण नसतं, बऱ्याचदा माहिती भरायची राहून गेलेली असते. आणि तिसरं म्हणजे फोटो. कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम पूर्ण झाल्यावरचा, असे तीन टप्प्यांचे फोटो स्थळाच्या नोंदीसह अपेक्षित असतात. तिन्ही फोटोंत ऊन आणि सावली एकसारखी असेल, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

गावाच्या आर्थिक तब्येतीचा सगळ्यात खरा कागद मात्र पोर्टलवर नाही, दप्तरात आहे. नमुना ९, म्हणजे कराची मागणी व वसुली नोंदवही. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, सगळं यात. ‘वसुली ८३ टक्के’ असं सभेत सांगितलं जातं तेव्हा भागाकार कशानं केला ते विचारा. समजा, मागील थकबाकी ४ लाख, चालू मागणी ६ लाख, वसुली ५ लाख. पाचाला सहानं भागलं तर ८३ टक्के. पण एकूण मागणी १० लाख आहे, म्हणजे खरी वसुली ५० टक्के. दोन्ही आकडे एकाच नोंदवहीतले. गाळ्यांचं भाडं किरकोळ मागणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ११ मध्ये सापडेल, आणि महिन्याचा जमाखर्च नमुना २६ मध्ये. गाळे बांधले पण नमुना २२ या स्थावर मालमत्ता नोंदवहीत ते चढलेच नाहीत, असंही घडतं. नोंद नसलेल्या मालमत्तेचं भाडं थकलं तर ते कोणाच्या नावे मागायचं?

पंचायतींना गुण देणारा, दिल्लीहून येणारा पंचायत प्रगती निर्देशांकही आता आहे. २०२२-२३ साठीचा पहिला निकाल एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. ४३५ निर्देशक, नऊ विषय, आणि ‘गरिबीमुक्त आणि वाढीव उपजीविकेचं गाव’ हा त्यांतला पहिला. देशातली एकही पंचायत सर्वांत वरच्या श्रेणीत आली नाही. आपल्या गावाचे गुण बघायला हरकत नाही, पण त्यातली बरीचशी माहिती गावपातळीवरच भरली जाते. त्यामुळे त्या गुणांच्या भरवशावर बाजारतळावरची फेरी चुकवू नका.

हे सगळं विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार, आणि बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांची उत्तरं ठेवायची असतात. म्हणून मे महिन्यातली सभा सोडू नका. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ती अट राहत नाही. मोजक्या माणसांत ठराव उरकतात ते तिथेच. त्यामुळे तहकूब सभेची तारीख आणि वेळ त्याच दिवशी विचारून घ्या. महिलांची सभा मुख्य सभेच्या आधी होते. बचत गटाच्या शेडचा प्रश्न तिथे मांडला तर तो ठराव होऊन मुख्य सभेत येतो.

प्रश्न तोंडी विचारला की तोंडी उत्तर मिळतं, ‘करू, बघू’ असं. म्हणून सभेच्या आधीच तो लेखी द्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, पोच घ्या आणि इतिवृत्तात घ्यायला सांगा. प्रश्न छोटा ठेवा: ‘अमुक कामाचा कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा, मुदत कधी संपली, आजवर किती रक्कम अदा झाली, आणि पूर्ण झालेल्या गाळ्यांपैकी आज किती भाड्यानं आहेत?’ उत्तर टाळलं गेलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं लिहू नका, अशा अर्जाला फाटे फोडायला सोपं जातं. नमुन्याचा क्रमांक, आर्थिक वर्ष आणि कामाचं नाव, एवढंच लिहा. आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जाईल तेव्हा तुमचा प्रश्न त्यात आलाय का ते ऐका. आला नसेल तर इतिवृत्त कायम करण्याआधीच उभं राहून हरकत घ्या, कारण एकदा ते कायम झालं की दुरुस्तीसाठी पुन्हा ठराव आणावा लागतो.

नमस्कार.