दुकान बंद कधी झालं?

नमस्कार श्रोतेहो.

किराणा दुकान उघडतं तेव्हा गाजावाजा होतो. वर्तमानपत्रात मोठी जाहिरात येते, पत्ता ठळक छापला जातो. तेच दुकान बंद होतं तेव्हा मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. एका सकाळी कुलूप निघत नाही, संपलं. एखाद्या मध्यम आकाराच्या अमेरिकन शहरातल्या साखळी किराणा दुकानांचा इतिहास शोधायला बसलात, तर खरी दमछाक या दुसऱ्या तारखेपायी होते.

आधी पसारा केवढा होता ते सांगतो. 'ए अँड पी' ही कंपनी १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये चहा विकत सुरू झाली. १९१२ मध्ये तिनं नवी तऱ्हा काढली : छोटं दुकान, उधारी नाही, माल घरपोच नाही, रोख मोजा आणि घेऊन जा. जागा थोड्या मुदतीच्या भाड्यानं घ्यायची. धंदा चालला नाही की सामान उचलून पुढच्या गल्लीत. १९३० च्या सुमारास तिची पंधरा हजारांवर दुकानं होती. म्हणजे मध्यम शहरातसुद्धा या एकाच कंपनीची दुकानं गल्लोगल्ली, आणि तीही सारखी जागा बदलणारी. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की कंपनीच्या नावामागे धावू नका. एक पत्ता धरा आणि त्याच्यावरच ठाण मांडून बसा.

पत्ता धरायचा तर शहराची डिरेक्टरी लागते. टेलिफोनच्या पुस्तकाच्याही आधीपासून ही पुस्तकं निघत. कोण कुठे राहतो, काय धंदा करतो, सगळं त्यात. पुष्कळ डिरेक्टऱ्यांमध्ये रस्त्यांप्रमाणे लावलेली वेगळी यादीही असते. तीच आपल्या कामाची. एकेक वर्षाचं पुस्तक काढायचं आणि तोच घरक्रमांक बघत जायचा. पण एक ध्यानात ठेवा. पुस्तकावर वर्ष छापलेलं असतं, माहिती मात्र छपाईच्या कितीतरी महिने आधी दारोदार फिरून गोळा केलेली असते. १९२६ च्या पुस्तकात दुकान दिसलं, म्हणून ते १९२६ मध्ये उघडलं असं लिहून मोकळं होऊ नका. ही चूक इतकी सर्रास होते, की एकाची दुसरा उतरवतो आणि मग ती तारीख खरीच होऊन बसते.

दुसरं साधन म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. हे आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी केलेले. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. दुकान असेल तिथे फक्त इंग्रजी 'एस' हे अक्षर. आत कोण काय विकतं याच्याशी विमेवाल्याला बहुधा कर्तव्य नसे. पण गंमत पुढे आहे. इमारत बदलली की नवा नकाशा काढायच्या ऐवजी दुरुस्तीची चिठ्ठी जुन्या कागदावरच चिकटवत. त्यामुळे काही प्रतींमध्ये चार लहान दुकानांची रांग चिठ्ठीखाली गाडली गेलेली असते आणि वर एकच मोठा चौकोन दिसतो.

हा चौकोन नीट समजून घ्यायला हवा. १९३० नंतरच्या डिरेक्टऱ्यांमध्ये साखळी कंपनीची दुकानं भराभर कमी होताना दिसतात. मंदीत धंदा बुडाला, असं आपण चटकन म्हणतो. बऱ्याचदा तसं नसतं. ४ ऑगस्ट १९३० रोजी मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, एका गॅरेजच्या जागेत 'किंग कलन' हे मोठं दुकान उघडलं. भरपूर माल, गिऱ्हाईक मोटारीतून येणार. दुसरीकडे काही राज्यांनी साखळी दुकानांवर कर बसवला होता. जितकी दुकानं जास्त, तितका दर दुकानामागचा कर चढा. इंडियानाचा असा कर १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला. मग हिशेब सोपा झाला : चार छोटी बंद करा, एक मोठं उघडा. पाट्या उतरल्या, पण विक्री वाढलेलीही असू शकते.

नावांचा घोळ तर विचारूच नका. क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये मेम्फिसला 'पिगली विगली' काढलं. गिऱ्हाइकानं आपल्या हातानं फळीवरून माल उचलायचा, ही पद्धत त्यांनी रूढ केली. १९२३ मध्ये शेअर बाजारातल्या उलाढालीत कंपनी त्यांच्या हातून गेली. गृहस्थ मोठे हट्टी. नव्या दुकानांना त्यांनी चक्क नाव दिलं, 'क्लॅरेन्स साँडर्स, माझ्या नावाचा एकमेव मालक'! आता हे यादीत कुठल्या अक्षराखाली शोधायचं? उलटही होतं. स्थानिक साखळी मोठी कंपनी विकत घेते, पाटी मात्र वर्षानुवर्षं जुनीच राहते, कारण गिऱ्हाईक त्या नावाला सरावलेलं असतं.

आता पुन्हा बंद होण्याच्या तारखेकडे येऊ. तिच्यासाठी आठवड्याच्या जाहिराती चाळायच्या. साखळी दुकानांच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत शाखांचे पत्ते दिलेले असत. वरचे भाव सोडा, खालची ओळ वाचा. एका आठवड्यात सहा पत्ते, पुढच्या आठवड्यात पाच. गळलेला पत्ता सापडला की तारीख आठवड्याच्या फरकानं हाती आली. डोळे दुखतात, पण याहून जवळ नेणारा कागद क्वचितच मिळतो.

छायाचित्रांचं मात्र वेगळं आहे. किराणा दुकानाचा फोटो मुद्दाम कोण काढणार? लोक मिरवणुकीचे फोटो काढत, पुराचे, आगीचे. दुकानाची पाटी मागे आपसूक येऊन जाई. तेव्हा संग्रहालयाच्या सूचीत 'किराणा' शोधलंत आणि काही मिळालं नाही, तर उठू नका. त्या रस्त्यावरून मिरवणूक कधी गेली होती ते विचारा.