सूर जुळले, ठेक्याचं काय?

[दृश्य: फिडलच्या चार खुंट्या, अगदी जवळून]

फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. एरवी तिच्या तारा पंचमाच्या अंतरानं लावतात. हा वादक मात्र खुंट्या पिळून वेगळंच काही करतोय. खालून वर ऐका: सा, प, वरचा सा आणि वरचा शुद्ध गंधार.

नॉर्वेत ही 'ट्रोल जुळणी'. ट्रोल म्हणजे तिकडच्या डोंगरांतले राक्षस. अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांत गेलात, तर तिथले फिडलवालेही काही चालींसाठी अशाच तारा लावतात. गंमत म्हणजे हे वाद्य सैतानाचं, असं दोन्हीकडच्या धार्मिक मंडळींनी ठरवून टाकलं होतं. नॉर्वेत तर फिडली जाळल्याही गेल्या.

तिथली एक लोककथा आहे. धबधब्यात राहणारा फोसेग्रिम फिडल शिकवतो. गुरुदक्षिणा म्हणून त्याला मांस द्यायचं. मांस कमी पडलं, तर तो नुसत्या तारा लावायला शिकवतो, वाजवायला नाही. दोन देशांचे वादक पहिल्यांदा एकत्र बसतात, तेव्हा त्यांची गत साधारण हीच असते.

[दृश्य: शिंपल्याची नक्षी, टोकाला कोरलेलं सिंहाचं तोंड]

हे हार्डिंगफेले, नॉर्वेची खास फिडल. गज फिरतो वरच्या चार तारांवर; खाली सारंगीसारख्या चार-पाच तरफा आपोआप झंकारतात. नॉर्वेहून निघालेल्या लोकांबरोबर हे वाद्य विस्कॉन्सिन-मिनेसोटात पोचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलांड बंधू विस्कॉन्सिनच्या चिपेवा फॉल्समध्ये ते बनवतही होते.

[दृश्य: नाचणारी जोडी, फक्त पाय]

खरी अडचण ठेक्याची. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागाचा स्प्रिंगार हा नाच तीन मात्रांचा, पण मात्रा सारख्या नाहीत: पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. नॉर्वेतच वाल्द्रेस भागात गेलात की पहिलीच आखूड! ॲपलाचियन हाताला सवय दोनाच्या, घोटून बसलेल्या चालीची. इथे सारखे ठोके देणारा मेट्रोनोम काय कामाचा? पाहुणा वादक यजमानाच्या जमिनीवर आपटणाऱ्या पायाकडे बघत राहतो. नाचणारं कुणी समोर असलं, तर आणखी बरं.

असं एकत्र वाजवणाऱ्यांपैकी न्यूयॉर्कचे फिडलवादक ब्रूस मोल्स्की तरुणपणी नॉर्थ कॅरोलायनाचे फिडलवादक टॉमी जॅरेल यांच्याकडे जाऊन, ऐकून शिकले. फिडलवादक ॲली बेन शेटलंड बेटांचे. ही बेटं 1469 साली राजकन्येच्या हुंड्यापायी स्कॉटलंडकडे गहाण पडली, त्याआधी ती नॉर्वेची. आले मोलर स्वीडनचे. तिघं मिळून वाजवतात, तेव्हा दोन फिडलींच्या मधली जागा मोलर यांचा मॅन्डोला (मॅन्डोलिनचा मोठा भाऊ) धरतो. त्यावर जादा पडदे बसवलेत, म्हणून कोमल आणि शुद्ध यांच्या मधले स्वरही निघतात. 2007 साली स्वीडनच्या 'व्हेसेन' गटानंही माइक मार्शल आणि डॅरॉल अँगर या अमेरिकन वादकांबरोबर अल्बम केला.

सगळ्यांना सोपं जावं म्हणून ठेका सरळ करून टाकणारे जलसेही होतात. कानाला गोड लागतात, पण त्यावर टेलेमार्कच्या माणसाला नाचता येत नाही.