आश्विन महिना, दोन लहान मुले आणि एक किल्ला

नमस्कार मंडळी.

शाळेच्या पुस्तकात शरद ऋतूसमोर आश्विन आणि कार्तिक अशी दोन महिन्यांची नावे छापलेली असतात. आमच्या पुण्यातल्या घरात मात्र तो हस्ताच्या पहिल्या सरीला सुरू होतो आणि भाऊबीजेच्या ओवाळणीला संपतो. घरात सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असल्यामुळे या पाच-सहा आठवड्यांत मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न मलाही पडत असे. आता पडत नाही. या दिवसांत जे घरात व्हायचेच असते, त्यातले हाताने करायचे काम मुलांकडे सोपवावे आणि ते वाकडेतिकडे झाले तर तसेच राहू द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. आजच्या व्हिडिओत ते कसे करतो, हे सांगते.

पहिला मान भोंडल्याचा. सूर्य साधारणपणे 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि याच नक्षत्रावरून या खेळाला हादगा असेही नाव पडले आहे. आमच्याकडे तो घटस्थापनेपासून खेळतात. माझ्या सासूबाई अमरावतीच्या. त्यांच्या माहेरी भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत महिनाभर राहते, त्यामुळे आमच्या घरात पाटावरचा हत्ती आणि मातीची शंकर-पार्वती असे दोघेही शेजारी शेजारी नांदतात. मुलांचे काम काय, तर हत्ती. पाटावर मी खडूने फक्त बाहेरची रेघ काढून देते आणि आत मुले तांदूळ, मसूर आणि हरभऱ्याची डाळ भरतात. गेल्या वर्षीच्या हत्तीला पाच पाय होते. शेजारच्या काकूंनी अगदी प्रेमाने एक पाय पुसायला हात पुढे केला, तेव्हा ती शेपूट आहे, असे त्यांना जरा ठणकावूनच सांगण्यात आले.

फेर धरून गाणी म्हणताना तीन वर्षांचे मूल तिसऱ्या कडव्याला कंटाळते, हे आधीच गृहीत धरावे. त्याचा खरा रस खिरापतीत असतो. झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचे, गोड की तिखट, कोरडे की ओले, असे एकेक विचारत जायचे, यात पदार्थांची नावे आणि चवींचे शब्द मुलांच्या तोंडी आपोआप बसतात. डब्यात वाजणारे काहीतरी ठेवावे. चिवडा किंवा शेंगदाण्याचे लाडू उत्तम. शिरा अजिबात वाजत नाही आणि खेळ तिथेच संपतो.

दसऱ्याचे थोडक्यात सांगते. मुलांना आपट्याचे आणि कांचनाचे पान शेजारी ठेवून दाखवावे. दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली असतात, पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असते, तर कांचनाचे बरेच मोठे असते. बाजारात अनेकदा कांचनाच्याच फांद्या सोने म्हणून विकल्या जातात. माझ्या मुलीने एका गाडीवाल्या दादांना हे मोठ्याने ऐकवले, तेव्हा मला दुसरीकडे बघावे लागले. झाडे ओरबाडण्यापेक्षा आम्ही एकच पान आणतो आणि ते घरभर सर्वांना आळीपाळीने देतो.

कोजागरीसाठी मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवण्याचा हट्ट करू नये. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे सात-साडेसातला गच्चीवर गेले तरी इमारतींच्या आडून तो वर येताना दिसतो, आणि तेव्हा तो डोक्यावरच्या चंद्रापेक्षा मोठाही भासतो. दूध पसरट पातेल्यात घ्यावे आणि वरची साय चमच्याने बाजूला करावी, कारण साय धरली की चंद्राचे प्रतिबिंब दिसत नाही आणि मुलांचा विरस होतो. बदाम-पिस्त्यांची मात्र पूड करूनच घालावी. पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकू शकतात. याच रात्री आमच्याकडे घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. त्याला आश्विनी करणे म्हणतात. धाकट्याने पहिल्याच वर्षी यावर तीव्र आक्षेप नोंदवल्यामुळे आता त्यालाही कुंकवाचे बोट लागते, आणि शास्त्राला याने काही धक्का बसला असेल, असे मला वाटत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे किल्ल्याकडे येते.

(येथे गोणपाट आणि मातीचे घमेले समोर ठेवलेले दिसावे.)

हल्ली तयार किल्ले विकत मिळतात. ते दिसायला देखणे असतात आणि दहा मिनिटांत मांडून होतात. मला ते पटत नाहीत, कारण त्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. आमच्या किल्ल्याला साधारण पंचवीस विटा, चार जुनी गोणपाटे आणि चार घमेली लाल माती लागते. आधी विटा आणि दगड रचून उंचसखल सांगाडा करावा. हे काम मोठ्यांचे. मग माती चाळून तिचा इडलीच्या पिठाइतका घट्ट गारा करावा, त्यात गोणपाट बुडवून पूर्ण भिजवावे आणि सांगाड्यावर पसरावे. गोणपाटाला पडणाऱ्या चुण्यांतूनच डोंगराच्या घळी आणि सोंडा तयार होतात, त्या हाताने वेगळ्या कराव्या लागत नाहीत. वरून मातीचे थापे मारण्याचे काम पूर्णपणे मुलांचे. पायऱ्यांसाठी ओल्या मातीत फूटपट्टीची कड दाबत वर जावे, आणि तळ्यासाठी नारळाची करवंटी पुरावी.

कोणता किल्ला करायचा, हे आधी ठरवलेले बरे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. लहान मुलांसाठी मी त्यांतला राजगड सुचवते, कारण मधे उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, ही रचना मुलांच्या लगेच लक्षात येते. मुलगी तर त्याला तीन पाकळ्यांचा पंखाच म्हणते. दरवाजा मात्र आम्ही रायगडाच्या महादरवाजाकडून उसना घेतला, कारण गोमुखी बांधणी मुलांना खेळूनच समजते. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे करावेत आणि दार त्यांच्या आतल्या वळणात लपवावे. मग खेळण्यातला हत्ती समोरून पळवत आणायला सांगावे. त्याला सरळ धडक देता येत नाही, वळावे लागते, आणि वळताना तो दोन्ही बुरुजांवरच्या मावळ्यांच्या माऱ्यात सापडतो. हा हल्ला आमच्याकडे एका संध्याकाळी किमान तीस वेळा झाला. डावा बुरूज दोनदा नव्याने बांधावा लागला.

आता पेरणीबद्दल, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मोहरी कोरडी टाकली तर उतारावरून घरंगळून खाली जमा होते आणि किल्ल्याच्या पायथ्याशीच जंगल उगवते. त्याऐवजी अळीव घ्यावेत. अळीव पाण्यात भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती चिकट, पारदर्शक आवरण तयार होते. तासाभराने त्यात थोडी बारीक माती कालवून ते बोटांनी उतारावर लिंपले, तर दाणा जागचा हलत नाही. हा बुळबुळीत गोळा हातात घेणे माझ्या मुलाला इतके आवडले की बरेच अळीव किल्ल्याऐवजी त्याच्या कोपरापर्यंत पोहोचले. दोन दिवसांत मोड येतात आणि पाच-सहा दिवसांत डोंगर हिरवागार होतो. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी पेरणी केली. अळीव भराभर वाढले, आडवे झाले आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे महाराजांचे सिंहासन पिवळ्या, वाळक्या गवतात बुडालेले सापडले. तेव्हापासून आम्ही वसुबारसेच्या चार दिवस आधी, म्हणजे आश्विन वद्य अष्टमीच्या सुमारास पेरतो. पाणी दिवसातून दोनदा, फक्त फवाऱ्याने द्यावे. तांब्याने ओतले की तटबंदी वाहून जाते.

मावळे मांडताना मोठ्यांनी हात मागे बांधून बसावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या किल्ल्यावर महाराजांच्या शेजारी प्लॅस्टिकची गाय, एक रिक्षा आणि कुंभारवाड्यातून आणलेली भाजीवाली असते. ती भाजीवाली मावळ्यांपेक्षा आकाराने मोठी आहे, आणि गडावर बाजारपेठ असते हे मुलीने कुठेतरी ऐकलेले असल्यामुळे ती तिथून हलत नाही. पणत्या तेवढ्या आम्ही लावतो, वाळत आलेल्या अळिवांपासून आणि गोणपाटाच्या उघड्या कडांपासून हातभर लांब, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतो.

भाऊबीजेनंतर किल्ला मोडण्याचे कामही मुलांनाच द्यावे. बांधण्याइतकेच ते त्यांना आवडते. विटा जिन्याखाली जातात, मावळे ओल्या फडक्याने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले जातात आणि माती कुंड्यांत परत जाते, जिच्यात आम्ही लगेच मेथी पेरतो. गोणपाटे मात्र स्वच्छ धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवूनच घडी घालावीत. ओलसर राहिली तर पुढच्या आश्विनात हाती नुसते कुजलेले दोरे लागतात.