दाढी ठेवायची की नाही, हे मास्कला विचारा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय दाढीमिशीबद्दल, म्हणजे डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या दाढीमिशीबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण पोरगं मेडिकलला गेलं की पहिल्या आठवड्यातच हा विषय निघतो, कधी सरांकडून, कधी घरून आणि बऱ्याचदा सीनियरकडून, आणि तिन्हीकडनं एकच ऐकायला मिळतं की डॉक्टरनं कसं गुळगुळीत दिसायला पाहिजे. मी भूलतज्ज्ञ आहे, रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिकत वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर पोरापोरींना शिकवते, त्यामुळे दाढी हा माझ्या रोजच्या कामातलाच विषय, आणि मला यात एक गोष्ट ठामपणे वाटते. दाढीबद्दल बोलायचा हक्क दोघांनाच, तोंडावरच्या मास्कला आणि समोरच्या पेशंटला. सीनियरला तर अजिबात नाही.

आधी मास्कचं बघू. दाढीवाला पेशंट टेबलवर आला की आम्ही जरा सावध होतो. भूल चढली की त्याचा स्वतःचा श्वास थांबतो, मग तोंडावर मास्क दाबून पिशवीनं हवा द्यायची असते, आणि दाढी दाट असली की गालाच्या कडेनं फुस्स करून हवा सुटते, हातातली पिशवी भरतच नाही, छाती पाहिजे तेवढी वर येत नाही. मग मी दोन्ही हातांनी मास्क धरते आणि पिशवी दुसरं कुणीतरी दाबतं. कुणी दाढीवर जेली चोपडतं, कुणी पारदर्शक चिकट ड्रेसिंग लावून तोंडापाशी भोक पाडतं. २००० साली पॅरिसच्या भूलतज्ज्ञांनी मास्कनं हवा देणं कुणाच्या बाबतीत अवघड जातं ते तपासलं होतं, त्यात पाच गोष्टी निघाल्या, वय ५५ च्या वर, जास्तीचं वजन, दात नसणं, घोरणं आणि दाढी. यातली ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बदलता येण्यासारखी एकच आहे, कुठली ते तुम्ही ओळखलं असेल.

आता हेच उलटं करून बघा. मास्क पेशंटच्या तोंडावर नाही, डॉक्टरच्या तोंडावर आहे, एन९५ आहे, आणि तो टीबीच्या वॉर्डात उभा आहे. एन९५ चं कापड बारीक कण ९५ टक्के अडवतं, बरोबर आहे, पण हवा कापडातून गेली तर ना! कडेला दाढीचे केस असतील तर हवा सरळ तिथून आत येते, श्वास घेताना ती सोपी वाट धरते, कापडाला वळसा घालून. म्हणून अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा नियमच आहे की असा घट्ट बसणारा मास्क जिथं कातडीला टेकतो तिथं केस नकोत. तिथल्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये दाढीमिशीच्या तऱ्हांचं एक चित्र काढलं होतं, कुठली चालते कुठली नाही, आणि २०२० मध्ये कोविड आल्यावर ते फोनाफोनी जगभर फिरलं. त्यात मिशी चालते, मास्कच्या कडेबाहेर गेली नाही म्हणजे झालं. पूर्ण दाढी चालत नाही. आणि दोन दिवसांची खुंटंसुद्धा चालत नाहीत, हे पोरांना पटतच नाही, त्यांना वाटतं एवढ्याशा केसांनी काय होतंय.

पटवायचा एक सोपा मार्ग आहे, फिट टेस्ट. मास्क घालायचा, डोक्यावरून पारदर्शक टोपडं चढवायचं, समोरच्या भोकातून कडू औषधाचा फवारा मारायचा आणि मग मान डावीउजवीकडे, वरखाली करायची, मोठ्यानं काहीतरी वाचायचं. जिभेवर कडू लागलं की कुठंतरी फट आहे. बस, भांडणच संपलं. मी कितीही समजावलं तरी न ऐकणारा पोरगा कडू चव आल्यावर स्वतःहून आरसा मागतो. आपल्याकडे ही टेस्ट फार कमी ठिकाणी होते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या वॉर्डात औषधांना दाद न देणारा टीबी आहे तिथं चोवीस चोवीस, छत्तीस छत्तीस तास हीच पोरं असतात, आणि रेसिडेंटला टीबी झाला ही बातमी आम्हाला नवीन नाही राहिली.

बरं, दाढी म्हणजे घाण, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, हॉस्पिटलमधल्या ४०८ पुरुष कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे जंतू तपासले, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू गुळगुळीत चेहऱ्यांवर जास्त सापडला, ५२.६ टक्के, आणि दाढीवाल्यांत ४१.२ टक्के. वस्तऱ्यानं कातडीला बारीक बारीक जखमा होतात, तिथं जंतूंचं फावतं, असा एक अंदाज आहे. आणि म्हणूनच हल्ली ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस वस्तऱ्यानं काढू नका, अगदीच लागले तर क्लिपरनं कापा, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ पासून सांगितलंय. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र वेगळी खबरदारी लागते, मास्क तोंडावर चोळला-हलवला तर दाढीतनं जंतू खाली पडतात हेही तपासून झालंय, तिथं दाढी झाकणारं हूड घालायचं, संपलं.

आता पेशंट. आपल्याकडे वाढलेल्या दाढीला अर्थ असतात. सुतकात दाढी करत नाहीत, श्रावण पाळणारे महिनाभर करत नाहीत, त्यामुळे खुंटं वाढलेला इंटर्न दिसला की एखादी आजी हमखास विचारते, "का रे बाळा, घरी सगळं ठीक ना?" तिला स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्याची काळजी लागते. आणि दुसरी बाजू अशी की बावीस तेवीस वर्षांचा पोरगा, चेहरा कोवळा, नातेवाईक त्याच्याकडे बघून म्हणतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?" म्हणून तो दाढी वाढवतो, चार वर्षांनी मोठं दिसायला. मला त्याचं काही चूक वाटत नाही. (पोरींना तर ॲप्रन, स्टेथोस्कोप सगळं असून "सिस्टर" म्हणतात, त्यांनी काय वाढवायचं?) मी एवढंच बघते की दाढी ठेवलेली आहे का वाढलेली आहे. गळ्याजवळची रेघ नीट असली, जेवणाचे कण नसले, नखं कापलेली असली, पेशंटपाशी वाकल्यावर घामाचा वास आला नाही, तर त्या दाढीनं पेशंटचं काहीही बिघडत नाही.

आणि आता जे सांगायला मी खरं तर इथं बसलेय ते. अजूनही काही कॉलेजांत फर्स्ट इयरच्या पोरांना सीनियर सांगतात, मिशी काढ, रोज क्लीन शेव्ह, केस बारीक, साधा शर्ट, आणि बोलताना नजर खाली, स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. वर सांगतात की आम्ही तुम्हाला प्रोफेशनल बनवतोय. अहो, फर्स्ट इयरला कुठला एन९५? ॲनाटॉमीच्या डिसेक्शन हॉलमध्ये मिशीनं कुणाचं काय बिघडतं? आणि सांगणाऱ्याची स्वतःची दाढी छातीपर्यंत! पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, लष्करी शिस्तीचे नियम आहेत, ते ॲडमिशनच्या आधी माहीत असतात आणि सगळ्यांना सारखे असतात. हे तसं नाही. हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्या आईला वाटलं देवाला मिशी वाहिली की काय, आणि तो काही बोलेना, चार दिवस नुसता पडून होता. आईबाबांनो, असं काही दिसलं तर "होतंच असतं रे" म्हणू नका. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा रॅगिंगविरोधी फोन नंबर आहे, नाव गुप्त ठेवून तक्रार घेतात.

राहिले ते, ज्यांची दाढी धर्माची आहे. कोविडमध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या दोन शीख डॉक्टर भावांनी ड्युटीवर राहता यावं म्हणून दाढी काढली, त्यांच्यासाठी ते किती जड गेलं असेल. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दुसरा रस्ता काढला, दाढी बांधायच्या पट्टीला ते ठाठा म्हणतात, तसाच रबराचा रुंद पट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची, सगळी दाढी त्याच्या आत, आणि मास्क त्याच्यावर. पूर्ण दाढी असलेल्या २७ पैकी २५ जण फिट टेस्ट पास झाले. त्यातही मोजूनच खात्री करायची, नुसतं बांधलं म्हणजे झालं असं नाही. शिवाय पंख्यानं हवा देणारं सैल हूड असतं, महाग आहे, पण त्याला चेहऱ्याला चिकटावं लागत नाही, दाढी कशीही असो.

म्हणून डीन साहेब, अधीक्षक मॅडम, कुणी ऐकत असाल तर माझं मागणं एवढंच आहे. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाची फिट टेस्ट करा, पोरींचीसुद्धा, कारण एकाच मापाचा मास्क लहान चेहऱ्याला बसत नाही. दोन तीन मापांचे मास्क ठेवा, दाढी बांधायचे पट्टे ठेवा. आणि ड्युटी रूममध्ये पाणी येऊ द्या, गरम पाणी, एक बरा आरसा आणि दाढी करायला वीस मिनिटं द्या, छत्तीस तासांच्या ड्युटीत तीसुद्धा मिळत नाहीत.